घरभाडं की बोनस? सैनिकाच्या पगारातला पैसा ओळखायचा कसा, आणि तो कुठून आला हे शोधायचं कसं

माझा नवरा अमेरिकी नौदलात आहे. आमचं घर व्हर्जिनियात, नॉरफोकच्या नौदल तळाजवळ. घरातला पगार बघायचं काम माझं, आणि त्याच्या जहाजावरच्या कुटुंबांची ऑम्बड्समन म्हणूनही मी काम करते. ऑम्बड्समन म्हणजे कमांडिंग ऑफिसरने नेमलेली स्वयंसेवक. जहाज समुद्रात असताना घरच्यांचं काही अडलं की पहिला फोन तिला येतो. त्यातले बरेच फोन पैशांचे असतात, आणि २०२५ च्या डिसेंबरपासून एक प्रश्न मला सतत विचारला जातो: नाताळच्या आधी सैनिकांच्या खात्यात एकदाच आलेले ते १,७७६ डॉलर बोनस होते की घरभाडं?

या एका प्रश्नावर बाकीचं सगळं ठरतं. कर लागणार का, पुढच्या वर्षी पुन्हा येणार का, कधी परत मागतील का, आणि दुसऱ्या कामासाठी ठेवलेले पैसे इकडे वळवले गेले का. अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलंमुली आता इथल्या सैन्यदलांत जातात. त्यांच्या आईवडिलांना पगाराची ही व्यवस्था कोणी समजावून सांगत नाही, आणि मुलं विचारल्याशिवाय बोलत नाहीत. म्हणून मी जशी शोधत जाते त्याच क्रमाने लिहिते.

आधी पगारपत्रक, बँक नंतर

बँकेच्या ॲपवर १ आणि १५ तारखेला फक्त जमा झालेला आकडा दिसतो. त्यावरून काही कळत नाही. मुलाकडून, सुनेकडून किंवा नवऱ्याकडून त्या महिन्याचं एलईएस मागून घ्या. लीव्ह अँड अर्निंग्ज स्टेटमेंट असं त्याचं पूर्ण नाव, आणि ते 'मायपे' या सरकारी साइटवर मिळतं. एका पानाचा कागद आहे. डावीकडच्या रकान्यात येणं म्हणजे एन्टायटलमेंट्स, मधे कपाती, त्याच्या शेजारी अलॉटमेंट्स, म्हणजे पगारातून परस्पर दुसरीकडे पाठवलेले पैसे.

येण्याच्या रकान्यात तीन ओळी बहुतेक सगळ्यांना असतात. मूळ पगार, जेवणाचा भत्ता म्हणजे बीएएस, आणि घरभाड्याचा भत्ता म्हणजे बीएएच. बोनस असेल तर त्याची वेगळी ओळ असते. एखादी रक्कम कुठल्या ओळीत बसली आहे ते आधी पाहा, आणि मग कागदाच्या तळाशी असलेल्या रिमार्क्सच्या चौकटीत तिच्याबद्दल काही लिहिलंय का ते वाचा. बहुतेक लोक रिमार्क्स वाचत नाहीत, आणि खुलासा नेमका तिथेच असतो.

खालच्या भागात 'बीएक्यू टाइप' आणि 'व्हीएचए झिप' असे दोन रकाने दिसतील. हे १९९८ पूर्वीच्या दोन जुन्या भत्त्यांचे अवशेष. ते दोन्ही मिळून बीएएच झाला, तरी कागदावर जुनीच नावं छापली जातात. पहिल्यात तुम्ही अवलंबितांसह आहात की एकटे, हे लिहिलेलं असतं. दुसऱ्यात तुमचा झिप कोड. हा झिप कोड घराचा नसतो, नेमणुकीच्या ठिकाणाचा असतो. जहाजावर असाल तर जहाजाच्या होमपोर्टचा. बदली झाली, लग्न झालं, मूल झालं, घटस्फोट झाला, की त्या महिन्यात हे दोन रकाने तपासाच. जुनाच झिप चालू राहिला आणि जास्त पैसे येत राहिले तर ते पुढे पगारातून वसूल होतात. भाड्याचे पैसे खर्च झाल्यावर अशी वसुली सुरू झाली की तरुण जोडप्यांचे फार हाल होतात. मी हे जवळून पाहिलं आहे.

बीएएच तीन गोष्टींवर ठरतो: पे-ग्रेड (म्हणजे हुद्द्याची पगारश्रेणी; जवानांची ई-१, ई-२ अशी, अधिकाऱ्यांची ओ-१, ओ-२ अशी), हा झिप कोड, आणि अवलंबित आहेत की नाहीत. देश सुमारे ३०० भागांत वाटलेला आहे, आणि प्रत्येक भागातली भाडी व वीज-पाण्याचा सरासरी खर्च बघून दरवर्षी दर ठरतो. तो १ जानेवारीला लागू होतो. दर कमी झाला तरी तुम्ही त्याच ठिकाणी, त्याच ग्रेडवर असाल तर तुमचा भत्ता कमी होत नाही. पेंटागॉनच्या प्रवास-भत्ते कार्यालयाच्या साइटवर कॅल्क्युलेटर आहे. झिप आणि ग्रेड टाका, आणि एलईएसमधल्या आकड्याशी ताडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

बराकीत राहणाऱ्या एकट्या मुलांना पूर्ण बीएएच मिळत नाही. त्यांच्या एलईएसवर बीएएच पार्शल नावाची चिमुकली रक्कम असते. ई-१ ला महिन्याला ६.९० डॉलर, ई-४ ला ८.१० डॉलर. न्यू जर्सीहून एका आईने घाबरून विचारलं होतं, माझ्या मुलाला घरभाडं फक्त आठ डॉलर कसं? तसंच असतं. छत सरकारचं आहे, म्हणून भाडं नाही.

हक्काचा पैसा आणि मर्जीचा पैसा

बीएएच हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तुम्ही अटीत बसत असाल तर सरकारला तो द्यावाच लागतो, अर्थसंकल्पात ओढाताण असली तरी. बोनसचं तसं नाही. कायदा सैन्यदलांना बोनस देण्याची फक्त परवानगी देतो, आणि ती परवानगीही दर वर्षी ३१ डिसेंबरला संपते. संरक्षण विभागाच्या वार्षिक कायद्यात, म्हणजे एनडीएएमध्ये, अमेरिकी काँग्रेस ती एकेक वर्षाने वाढवत आली आहे. ज्या कामाला माणसं कमी पडतात तिथे बोनस वाढतो, भरती पुरेशी झाली की कमी होतो किंवा थांबतो. अणुभट्टीवर काम करणाऱ्या नौसैनिकाला मोठी रक्कम आणि त्याच्याच शेजारी बंकवर झोपणाऱ्याला काहीच नाही, हे म्हणूनच होतं. त्यात अन्याय नाही. बोनस त्यासाठीच असतो.

दुसरा फरक कराचा. बीएएचवर आयकर नाही. बोनसवर आहे, आणि देतानाच २२ टक्के संघीय कर कापला जातो. २०,००० डॉलरचा बोनस ठरला तर ४,४०० आधीच वजा, हातात १५,६००, आणि तुमच्या राज्याचा कर असेल तर तोही जातो. रणक्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या भागात असताना पुन्हा करारावर सही केली तर जवानाचा बोनस करमुक्त होतो. त्यामुळे सहीची तारीख ठरवताना हे आधी विचारून घ्यावं. नौदलात री-एनलिस्टमेंटचा बोनस सहसा निम्मा सुरुवातीला आणि उरलेला वार्षिक हप्त्यांनी येतो, तेही लक्षात ठेवा. जाहिरातीतला आकडा आणि पहिल्या दिवशी खात्यात आलेला आकडा यांत म्हणूनच एवढं अंतर दिसतं.

तिसरा फरक परतफेडीचा. बोनस म्हणजे करार असतो. ठरलेली वर्षं पुरी केली नाहीत तर न कमावलेला भाग परत द्यावा लागतो. कॅलिफोर्निया नॅशनल गार्डमध्ये इराक-अफगाणिस्तानच्या काळात चुकीने दिलेले बोनस हजारो जवानांकडून वर्षांनंतर परत मागितले गेले, आणि त्यावरून इतका गदारोळ झाला की संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये ती वसुली थांबवायला लावली. त्या लोकांनी युद्ध लढून झालं होतं, पैसे घरात खर्च होऊन गेले होते. बोनसच्या करारावर सही करणाऱ्या प्रत्येक मुलाला मी सांगते: कराराची प्रत स्वतःकडे ठेव. कागदी प्रत ठेव, आणि एक आईवडिलांकडे पाठव.

पेन्शनमध्ये मात्र या दोन्हींपैकी काहीच मोजलं जात नाही. ती फक्त मूळ पगारावर ठरते. घरासाठी कर्ज घ्यायला गेलात तर बँक बीएएच नियमित उत्पन्न म्हणून धरते, एकदाचा बोनस धरत नाही. आणि टीएसपी या बचत योजनेत मूळ पगारातून व बोनसमधून पैसे टाकता येतात, भत्त्यातून नाही.

१,७७६ डॉलर कुठून आले, ते असं शोधा

१७ डिसेंबर २०२५ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी टीव्हीवरच्या भाषणात साडेचौदा लाख सैनिकांना 'वॉरियर डिव्हिडंड' जाहीर केला. अमेरिकेच्या स्थापनेच्या वर्षावरून रक्कम १,७७६ डॉलर. भाषणात आयात शुल्कातून आलेल्या पैशांचा आणि त्या उन्हाळ्यात मंजूर झालेल्या मोठ्या विधेयकाचा उल्लेख होता. नाताळच्या आधी पैसे खात्यात आले. आमच्याही आले, आणि आनंद झाला.

पैसा कुठून आला हे पाहायचं असेल तर भाषण बाजूला ठेवा आणि कायदा उघडा. congress.gov ही काँग्रेसची सरकारी साइट सगळ्यांना मोफत खुली आहे. तिथे 'वन बिग ब्युटिफुल बिल ॲक्ट' शोधा. ४ जुलै २०२५ ला सही झालेला, पब्लिक लॉ ११९-२१. त्यात कलम २०००१ वर जा. सैनिकांचं राहणीमान सुधारण्यासाठीच्या तरतुदींची ती यादी आहे, आणि कलम छोटं आहे, पूर्ण वाचून होतं. बराकींच्या दुरुस्तीला किती, आरोग्यसेवेला किती, पाळणाघराच्या शुल्कात मदत किती, सगळं एकेका ओळीत आहे. त्यात एक ओळ बीएएचला पूरक रक्कम देण्यासाठी आहे: २ अब्ज ९० कोटी डॉलर. तिच्या लगेच खालची ओळ बोनस, विशेष वेतन आणि प्रोत्साहनपर वेतनासाठी आहे: ५ कोटी डॉलर.

या दोन ओळी शेजारी-शेजारी वाचल्या की काँग्रेसने काय ठरवलं होतं ते स्वच्छ दिसतं. घरभाड्याला बोनसच्या अठ्ठावन्न पट पैसा.

आता भागाकार-गुणाकार स्वतः करा. साडेचौदा लाख गुणिले १,७७६ म्हणजे २ अब्ज ५७ कोटी ५२ लाख डॉलर. पेंटागॉननेही सुमारे २ अब्ज ६० कोटी वाटल्याचं सांगितलं, आणि ती रक्कम बीएएचच्या त्याच पूरक तरतुदीतून, 'एकदाच मिळणारा बीएएच पूरक' म्हणून दिली. म्हणजे कागदावर तो घरभाड्याचा भत्ता आहे. म्हणूनच त्यावर कर लागला नाही, आणि जानेवारी २०२६ मध्ये कर विभागानेही ते स्पष्ट केलं. कोणी तुम्हाला सांगितलं की हे पैसे करविवरणात दाखवायचे आहेत, तर तसं नाही.

पण वाटप कसं झालं ते पाहा. खरं घरभाडं झिप कोडप्रमाणे बदलतं, आणि हे सगळीकडे सारखंच. खरं घरभाडं बराकीतल्या मुलाला मिळत नाही, हे मिळालं. ओ-६ म्हणजे नौदलातल्या कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत सगळ्यांना दिलं, त्यावरच्या ॲडमिरल-जनरलना नाही. ३० नोव्हेंबर २०२५ ला जे सेवेत होते ते पात्र, राखीव दलातले असतील तर किमान ३१ दिवसांच्या ऑर्डरवर असलेले. नाव भत्त्याचं, वाटण्याची रीत बोनसची. कायद्यातल्या ओळीने बीएएचच्या नेहमीच्या सूत्राला अपवाद करण्याची मुभा दिली होती, त्यामुळे हे बेकायदा झालं असं मी म्हणत नाही. ते घरभाड्याच्या पैशातून झालं एवढंच सांगते, आणि ते माहीत असायला हवं.

नावाने काय फरक पडतो हे तटरक्षक दलाच्या उदाहरणावरून कळतं. कोस्ट गार्ड संरक्षण खात्यात नाही, होमलँड सिक्युरिटी खात्यात आहे, त्यामुळे कलम २०००१ मधल्या त्या ओळीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्या लोकांना वेगळी रक्कम दिली गेली, २,००० डॉलर, विशेष वेतन म्हणून. त्यावर कर आहे, आणि कर कापून हातात साधारण तेवढंच पडावं म्हणून आकडा वाढवून ठेवला होता. हातात पडणारा पैसा जवळपास सारखा, पण एकाच्या डब्ल्यू-२ मध्ये, म्हणजे वर्षाच्या पगाराच्या कर-दाखल्यात, तो उत्पन्न म्हणून दिसतो, दुसऱ्याच्या नाही. घरात एक मूल नौदलात आणि एक कोस्ट गार्डमध्ये असेल तर दोघांची विवरणं सारखी भरू नका.

त्याच पैशात आणखी काय झालं असतं

कुठल्याही तरतुदीबद्दल मत बनवण्याआधी मी हा हिशोब करते: हाच पैसा दुसऱ्या वाटेने गेला असता तर माझ्या ओळखीच्या घरांना किती मिळाला असता?

त्यासाठी थोडा इतिहास लागतो. २००५ पासून बीएएच ठरलेल्या भाड्याचा पूर्ण खर्च देत होता. २०१५ पासून तो दरवर्षी एकेक टक्क्याने कमी करत नेला, आणि २०१९ पासून सैनिकाने पाच टक्के खिशातून भरायचे असा नियम कायम झाला. २०२६ मध्ये ही खिशातली रक्कम ग्रेड आणि अवलंबितांप्रमाणे महिन्याला ९३ ते २१२ डॉलर आहे. १,७७६ ला बाराने भागलं तर येतात १४८. म्हणजे आलेली रक्कम एका सर्वसाधारण कुटुंबाची एका वर्षाची खिशातली भर भरून काढते, आणि तिथे संपते.

आता मोठा हिशोब. २०२६ मध्ये बीएएचवर एकंदर सुमारे २९ अब्ज ९० कोटी डॉलर खर्च होतील असा पेंटागॉनचा अंदाज, सुमारे दहा लाख लोकांसाठी. हे ९५ टक्के धरले तर राहिलेले पाच टक्के साधारण १ अब्ज ५७ कोटी. म्हणजे २ अब्ज ९० कोटींत ही तूट देशभर पावणेदोन वर्षांपेक्षा जास्त काळ पूर्ण बंद करता आली असती. हा ढोबळ हिशोब आहे, पण कुठल्या आकाराच्या गोष्टीबद्दल आपण बोलतोय ते त्यातून कळतं.

माझं मत मी लपवत नाही: मला ती तूट बंद झालेली जास्त आवडली असती. एकदा आलेल्या पैशाने नाताळ चांगला जातो. दर महिन्याला आलेल्या पैशाने घरमालकाच्या पुढच्या करारावर न घाबरता सही करता येते. आमच्या भागात एका वर्षात भाडं ज्या वेगाने वाढतं, त्याच्या मागे धावताना बीएएच कायम एक पाऊल मागे असतो, कारण तो आधीच्या वर्षीच्या भाड्यांवर ठरतो. २०२३ मध्ये सरासरी १२.१ टक्के वाढ द्यावी लागली, कारण आधी इतकी तूट साचली होती. काँग्रेसची लेखापरीक्षण संस्था जीएओ हिनेही २०२१ च्या अहवालात सांगितलं होतं की दर ठरवताना बऱ्याच ठिकाणी भाड्यांचे पुरेसे नमुने गोळाच होत नाहीत.

पण दुसरी बाजू खरी आहे आणि ती मला रोज भेटते. बीएएच वाढवून दिला असता तर बराकीतल्या मुलामुलींच्या हातात काहीच पडलं नसतं, आणि जहाजावर सगळ्यात कमी पगार त्यांचाच. २०२५ च्या एप्रिलमध्ये ई-१ ते ई-४ यांना जादा दहा टक्के वाढ मिळाली, तरी एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलाला १,७७६ डॉलर म्हणजे गाडीचं रखडलेलं काम किंवा घरी जायचं तिकीट. शिवाय तळावरच्या खाजगी कंपन्यांच्या घरांत राहणाऱ्यांचं काय? १९९६ पासून तळावरची बहुतेक कौटुंबिक घरं खाजगी कंपन्या चालवतात, आणि तिथे भाडं म्हणून बहुधा पूर्ण बीएएच परस्पर कंपनीकडे जातो. भत्ता शंभर डॉलरने वाढला की भाडंही शंभराने वाढतं. घरातल्या बाईच्या हातात शून्य. त्यांना एकदाच मिळालेली रक्कम थेट पोहोचली, बीएएचची वाढ पोहोचली नसती. हे लक्षात घेतल्याशिवाय 'घरभाड्याचे पैसे पळवले' असं ओरडणं मला पटत नाही, आणि 'फुकटचे पैसे मिळाले' म्हणून गप्प बसणंही पटत नाही.

म्हणून पुढच्या वेळी अशी घोषणा झाली, कुठल्याही राष्ट्राध्यक्षाच्या काळात, तर हे तीन प्रश्न विचारा. कुठल्या कायद्याची कुठली ओळ? ती ओळ कधी संपते? आणि ती ओळ वापरली गेल्यावर मूळ कामासाठी काय उरलं? दरवर्षीच्या वेतन खात्यातला पैसा, ज्याला मिलिटरी पर्सोनेल म्हणतात, ३० सप्टेंबरला संपतो. बीएएच आणि बोनस दोन्ही नेहमी त्याच खात्यातून येतात, वेगवेगळ्या ओळींतून. कलम २०००१ मधला पैसा मात्र ३० सप्टेंबर २०२९ पर्यंत वापरता येण्यासारखा होता. घाई नव्हती. तो टप्प्याटप्प्याने देता आला असता. २ अब्ज ९० कोटींतून २ अब्ज ६० कोटी गेल्यावर त्या ओळीत साधारण ३० कोटी उरतात, आणि त्यात २०२९ पर्यंतचं फारसं काही होत नाही.

वार्षिक आकडे बघायचे असतील तर प्रत्येक दलाच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या साइटवर त्याच्या वेतन खात्याचं जस्टिफिकेशन बुक, म्हणजे मागितलेल्या पैशांचा तपशील, असतं. शेकडो पानांचं असतं, घाबरू नका. अनुक्रमणिकेत फक्त दोन गोष्टी शोधा, घरभाडं भत्ता आणि री-एनलिस्टमेंट बोनस. मागचं वर्ष, चालू वर्ष आणि पुढचं मागितलेलं वर्ष असे तीन आकडे शेजारी दिलेले असतात. एवढे तीन आकडे पाहिले तरी वारं कुठे वाहतंय ते कळतं.

घरी काय करायचं

बीएएचवर भाडं ठरवा, बोनसवर कधीही नाही. घर बघायला जाताना एलईएसमधला बीएएचचा आकडा घ्या, त्यातून वीज, पाणी आणि गॅसचे पैसे आधी वजा करा, कारण बीएएचमध्ये ते धरलेले असतात, आणि उरलेल्यात भाडं बसवा. मग खिशातले पाच टक्के कुठून द्यायचे ते ठरवा. वॉरियर डिव्हिडंडसारखी रक्कम मी स्वतः डिपॉझिट आणि बदलीच्या खर्चासाठी बाजूला ठेवायला सांगते. बदलीच्या महिन्यात दोन घरांचं भाडं, हॉटेल आणि नवं डिपॉझिट एकदम अंगावर येतं, आणि सरकारी परतावा नंतर येतो. त्या मधल्या आठवड्यांत क्रेडिट कार्डाचं कर्ज सुरू होतं आणि वर्षभर फिटत नाही.

करारी बोनस आला असेल तर टीएसपीत किती टाकायचा ते आधीच मायपेवर टाकून ठेवा. पैसे खात्यात आल्यावर ते करता येत नाही. आणि मुलगा म्हणाला की मला पन्नास हजारांचा बोनस मिळणार, तर त्याला शांतपणे विचारा: किती वर्षांचा करार, किती हप्ते, कर कापून पहिल्या दिवशी किती, आणि काम बदललं किंवा पाय मोडला तर काय होतं?

काही बदलावं असं वाटत असेल तर आपल्या काँग्रेस प्रतिनिधीला आणि दोन्ही सिनेटरना लिहा. नागरिक असाल तर मतदार म्हणून लिहा, नसाल तरी त्या भागातले रहिवासी म्हणून लिहू शकता. सैनिकाने स्वतः लिहिणंही त्याचा कायदेशीर हक्क आहे, वरिष्ठ त्याला अडवू शकत नाहीत. पण त्यात पक्षाचं नाव, राष्ट्राध्यक्षांवर राग, असं काही नको. मी जे पत्र पाठवलं ते अर्ध्या पानाचं होतं. कलम २०००१ मधली बीएएचची ओळ नमूद केली, आमच्या ग्रेडची महिन्याची खिशातली रक्कम लिहिली, आणि दोन गोष्टी मागितल्या: पुढच्या एनडीएएमध्ये पाच टक्क्यांची कपात मागे घ्यावी, आणि एकदाच द्यायच्या रकमा बोनसच्या ओळीतून द्याव्यात, त्यासाठी काँग्रेसने तेवढी तरतूद करावी. आकडा असलेलं पत्र कर्मचारी पुढे पाठवतात, भावनांनी भरलेलं पत्र मोजून ठेवतात.

एक मात्र वेगळं ठेवा. तुमच्याच घरचा बीएएच अडकला असेल, झिप चुकला असेल, वसुली चुकीची असेल, तर ते धोरणाच्या पत्रात मिसळू नका. आधी युनिटच्या पे क्लार्ककडे लेखी द्या आणि तारखेची नोंद ठेवा. तिथे हललं नाही तर प्रतिनिधीच्या स्थानिक कार्यालयात केस उघडता येते, पण त्यासाठी गोपनीयतेच्या परवानगीचा फॉर्म लागतो, आणि त्यावर सही सैनिकाचीच लागते, आईची किंवा बायकोची चालत नाही. जहाज निघण्याआधी तो फॉर्म सही करून घरात ठेवलेला बरा.